सुरुंगाचं यंत्र आणि गावकीचे हंडे

आमच्या माजघराच्या दाराला टेकू म्हणून लोखंडाचा एक गोळा ठेवलेला असतो. नारळाएवढाच आहे, पण एका हाताने उचलायला गेलं तर मनगट दुखतं. घरी येणारा नवा माणूस त्याला एकदा तरी ठेचकाळतो आणि विचारतो, हे काय? तोफेचा गोळा आहे असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "म्हणजे तुमच्या दिरांना नदीत खजिना सापडला होता, ते खरं तर!"

खजिना सापडला नव्हता, आणि आम्ही तो शोधतही नव्हतो. आम्ही गावाचे हंडे शोधत होतो. ते सापडले नसते तर माझ्या नणंदेचं लग्न झालं नसतं. ही गोष्ट लोक फार वेडीवाकडी सांगतात, म्हणून मीच एकदा नीट लिहून ठेवते.

माझं माहेर कर्जतचं. सातवीची परीक्षा देऊन मी खालापूरकडे सासरी आले. गाव पाताळगंगेच्या काठाला. या नदीला उन्हाळ्यातही पाणी असतं, आणि पाण्याच्या दोन्ही अंगांना वाळूचे रुंद पट्टे. जुन्या काळी घाटावरून बंदराकडे जाणारे तांडे आमच्या उतारावरूनच नदी ओलांडायचे, असं गावात सांगत. ते खरं होतं हे पुढे यंत्राने दाखवलं, पण तेव्हा आम्हाला तांड्यांशी काही देणंघेणं नव्हतं.

गावाची म्हणून स्वतःची भांडी होती. लग्नाला, बारशाला, तेराव्याला सगळ्या गावाचं जेवण व्हायचं, आणि एवढा भात शिजवायला कुणाच्या घरी भांडं असणार? म्हणून गावकीने कधीतरी तांब्याचे तीन मोठे हंडे, पितळेच्या पराती, झारे, ओगराळी असा संच केला होता. प्रत्येक भांड्याच्या काठाशी टोच्याने ठिपके पाडून गावाचं नाव घातलेलं. हा संच सांभाळायचं काम आमच्या घराकडे, सासऱ्यांच्या आज्यापासून. ज्याच्या घरी कार्य असेल त्याने यावं, न्यावं, घासून परत आणावं. सासरे मग प्रत्येक भांडं उन्हात पालथं घालून वाळवायचे, आत हात फिरवून बघायचे, आणि ओल लागली तर नेणाऱ्याला पुन्हा बोलवायचे.

युद्धाच्या दिवसांत अफवा उठली की सरकार गावोगाव फिरून तांबं-पितळ गोळा करणार. खरं-खोटं कुणी तपासलं नाही. सासऱ्यांनी ती खालापूरला कचेरीत गेले असताना ऐकली आणि घरी येऊन आठ दिवसांत सगळा संच कुठेतरी लपवून टाकला. मी तेव्हा पहिल्या बाळंतपणाला कर्जतला होते. हे भिवपुरीच्या वीजघरात कामाला, रविवारचे घरी यायचे. दीर पलटणीत गेलेले. घरी सासूबाई आणि धाकटी नणंद, ती तेव्हा अकराएक वर्षांची. सासूबाईंनी विचारलं, कुठे ठेवली? तर सासरे म्हणाले, "नीट हायत. तुला नाय सांगत. कुणी इचारलं तर तुझ्या तोंडावर दिसंल."

त्या श्रावणात सासरे हिवतापाने तीन दिवसांत गेले. शुद्ध हरपली ती परत आलीच नाही.

गावाला एवढंच माहीत होतं की त्या चैत्रात सासरे दोन-तीनदा बैलगाडी घेऊन नदीवर गेले होते. नदीकाठच्या शेतातल्या म्हातारीने त्यांना गुडघ्यापर्यंत भिजलेलं, गाडीपाशी घमेलं घेऊन उभं असलेलं पाहिलं होतं. गाडीत वाळू होती हेही तिने पाहिलं होतं. तेव्हा भांडी वाळूत पुरली, असं सगळे धरून चालले. आम्हीही. त्या पावसाळ्यात नदीला मोठा पूर आला, काठ इकडचा तिकडे झाला. पुढच्या उन्हाळ्यात गावकीने कुदळी घेऊन चार ठिकाणी खणलं. काही निघालं नाही.

मग बोलणं बदललं. भांडी पुरली कशावरून? तांब्याला तेव्हा भाव आला होता. म्हातारा शहाणा, त्याने विकली असतील आणि वाळूचं नाटक केलं असेल. असं तोंडावर कुणी म्हणालं नाही, पण आमच्याकडे लग्नाच्या अक्षता यायच्या थांबल्या. आमच्याकडच्या पूजेला कुणी येईना. गावात कार्य असलं की कुंभिवलीहून भाड्याचे टोप यायचे. ते आमच्या दारावरून जायचे, आणि नेणारा नेमका आमच्या अंगणासमोर टोपावर झारा आपटत जायचा. सासूबाई तेवढ्यापुरत्या आत जाऊन बसायच्या.

पाच वर्षं असं चाललं. नणंद सोळा वर्षांची झाली. दोन स्थळं आली आणि गावात चौकशी करून गेली ती गेलीच. तिसरं स्थळ भिवपुरीजवळच्या गावचं, यांच्या ओळखीतून आलेलं. मुलगा चांगला, जमीन बेताची, माणसं सरळ. मुलाचे वडील घरी आले, पोहे खाल्ले आणि स्वच्छ बोलले.

"मला तुमच्या हंड्यांशी काय करायचं नाय. मुलगी पसंत हाय. पण सुपारी फोडायला तुमच्या गावकीची पाच माणसं बसली पायजेत. नाय बसली तर उद्या माझी गावकी मला इचारील, हे कसलं घर बघितलंस? शिमग्यापत्तूर सांगा."

शिमग्याला पंधरा दिवस होते. ते गेल्यावर नणंदेने त्यांच्या बशा उचलल्या आणि विसळून ठेवल्या. रडली नाही. मला तिचं तेच खटकलं. आधीची दोन स्थळं गेली तेव्हा ती रडली होती.

दीर युद्धावरून परत येऊन वर्ष होत आलं होतं. ते मिसरच्या वाळवंटात सुरुंग काढायच्या पलटणीत होते. त्यांनी हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "वैनी, कर्जतला तुमच्या बाजारात भंगारवाले चाचा हायत ना? त्यांनी मिलिटरीचा माल उचललाय. त्यात एक पेटी मी बघितली. ती मिळाली तर काम होईल."

मी बरोबर गेले, कारण चाचा माझ्या वडिलांच्या ओळखीचे. त्यांच्या दुकानात बुटांचे ढीग, ताडपत्र्या, पाण्याच्या बाटल्या, आणि कोपऱ्यात ती पेटी. दिरांनी झाकण उघडलं. आत ताटाएवढी चपटी चकती, तिला जोडायचा लांब दांडा, खांद्याला अडकवायची पिशवी आणि कानांवर घालायची दोन काळी झाकणं.

"हे काय आहे ते मला अजून कळलं नाही," चाचा म्हणाले. "एक गिऱ्हाईक म्हणालं, साहेबाचा भाकरी भाजायचा तवा आहे."

"सुरुंग शोधायचं यंत्र हाय चाचा. खाली धातू असला की कानात वाजतं."

"मग तुझ्या गावात सुरुंग आहेत का रं?"

"सुरुंग नायत. आमच्या आबांनी पुरलेले हंडे हायत."

चाचांना आमची हकिकत ठाऊक होती. कर्जतपर्यंत ती पोचली होती, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी दिरांच्या अंगावरच्या लष्करी कोटाकडे बोट दाखवलं. "तो कोट मला दे, पेटी घेऊन जा. बॅटरी एकच आहे, दुसरी मागू नकोस. मुंबईलाही मिळणार नाही."

आम्ही पेटी घेऊन आलो. घाटाखालची पहाट गार असते, पण दिरांनी कोटाचं नाव पुन्हा काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नदीवर. दीर कानांवर झाकणं चढवून, दांडा धरून, चकती वाळूवरून डावीकडून उजवीकडे फिरवत एकेक पाऊल पुढे जायचे. मागून मी फावडं घेऊन. दिरांनी हात वर केला की तिथे खणायचं. धुणं धुणाऱ्या बायकांचं धुणं थांबलं.

"काय गं, काय ऐकतो तुझा दीर?" एकीने विचारलं. "वाळूच्या पोटात बाळ हाय काय?"

"हाय, हाय," मी म्हटलं. "बाळंत झाली की बारशाला बोलावते. यायचं मात्र."

ती खाली बघून पुन्हा कपडा आपटायला लागली. आमच्याकडच्या बारशाला यायचं नव्हतं ना.

पहिल्या दिवशी घोड्याचे नाल निघाले. नंतर बैलाच्या गळ्यातली एक घंटा, आतली लोळी गेलेली. गंजाने फुगलेलं एक भाल्याचं पातं. काळपट हिरव्या शिवराया, तांब्याची जुनी नाणी, एकमेकांना चिकटलेली. तांडे खरंच तिथून जात होते. दिरांना त्या वस्तूंचं फार कौतुक वाटलं. प्रत्येक वस्तू ते धोतराच्या सोग्याने पुसून बघायचे. मी म्हटलं, "भावजी, हे नंतर. बॅटरी चालू आहे."

तिसऱ्या दिवशी यंत्र असं वाजलं की झाकणांतून मलासुद्धा ऐकू आलं. दीर गुडघ्यांवर बसले. दोघांनी मिळून खणलं. कमरेएवढ्या खड्ड्यात फावडं लोखंडावर आपटलं. वर काठावर तोवर दहा-बारा माणसं जमली होती. निघाला तो हा गोळा.

पाटील काठावर उभे होते. म्हणाले, "मारा आता तोफ. गावावरच मारा." सगळे हसले. पाटील वाईट माणूस नव्हते. त्यांच्या मोठ्या मुलाच्या लग्नाला भाड्याच्या टोपाची कल्हई उडालेली निघाली होती आणि अर्ध्या गावाला पोटाचा त्रास झाला होता. ते त्यांच्या मनातून गेलं नव्हतं.

खरी चूक आमच्या हातून पाचव्या दिवशी झाली. नदीच्या वळणावर यंत्र जागोजाग वाजायला लागलं. दिरांना वाटलं, भांडी पुराने फुटून विखुरली असतील. आम्ही घाईघाईने खणत सुटलो. एक समई निघाली, एक तांब्या, काही नाणी. माझ्या लक्षात यायला हवं होतं. ती दहाव्याची जागा. माणूस गेलं की गाव तिथेच बसतं, तिथे काहीबाही ठेवून येतं, आणि पाठ फिरवल्यावर मागे बघत नाही. सासऱ्यांच्या दहाव्याला आमच्या घरची माणसंही तिथेच बसली होती. पण पूर येऊन काठ बदललेला, आणि आमचं डोकं हंड्यांत.

संध्याकाळच्या आत पाटील अंगणात आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"मेलेल्यांचं उकरून घरात आणता? आजपास्नं नदीवर ते यंत्र न्यायचं नाय. आणि घेतलंय ते जिथलं तिथं ठेवून या."

दीर म्हणाले, "पाटील, चुकलं आमचं. पण चारच दिवस..."

"मिसरात लई वाळू उकरलीस ना रं? मग तिकडंच राहायचं होतंस."

ते गेले. शिमगा आठवड्यावर आला होता. बॅटरीही बसत आली होती. दीर म्हणाले, आवाज आता डास गुणगुणल्यासारखा येतो. ते ओटीवर भिंतीला डोकं टेकून बसले. सासूबाई देवापाशी जाऊन बसल्या. मला बसून राहायची सवय नाही. मी चिंच आणि राख घेतली आणि तो दहाव्याचा तांब्या घासायला लागले. परत ठेवायचाच आहे तर स्वच्छ करून ठेवू, एवढाच विचार.

तांब्याचं बूड माझ्या अंगठ्याखाली आत गेलं. जोर नाही, काही नाही. पातळ पापडासारखं मोडलं. पितळ ओलीने पार खाल्लं गेलं होतं.

सासूबाईंनी ते देवघरातून बघितलं. म्हणाल्या, "वल्या वाळूत र्‍हायलं की असंच व्हतं. आमच्या ह्यांनी असं ठेवू दिलं नसतं कुणाला. मी एकदा परात वली ठेवली तर आठ दिवस बोलले नव्हते माझ्याशी."

मी हात तसेच राखेचे ठेवून त्यांच्याकडे बघितलं. "मग आत्याबाई, असा माणूस तांब्याचे हंडे नदीच्या वाळूत पुरेल?"

दीर ओटीवरून उठून आत आले. पाच वर्षांत हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. म्हातारीने वाळू बघितली, म्हणून आम्हीही वाळूच बघत बसलो होतो.

"पण गाडी नदीवर नेली व्हती ते खरं हाय," दीर म्हणाले. "वाळू भरताना बघितलंय लोकांनी. मग आबांना वाळू कशाला पायजे होती?"

कोपऱ्यात नणंद तांदूळ निवडत होती. सुपातून मान वर न करता ती म्हणाली, "सुकवाया."

"काय म्हणालीस?"

"आबा वाळू सुकवीत व्हते. राबाजवळच्या खळ्यावर पसरली व्हती. मी भाकरी घेऊन गेले तर मी तिच्यावर बोटानं मोर काढला. आबा ओरडले, म्हणाले, पाय नको देऊस, घरी जा."

"अगं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

आता तिने मान वर केली. "मला कुणी इचारलं?"

खरंच कुणी विचारलं नव्हतं. तिचंच लग्न अडलं होतं, आणि तिला सोडून आम्ही सगळ्या गावाला विचारून आलो होतो.

उरलेलं मला जुळवायला वेळ लागला नाही. रिकामा हंडा जमिनीत पुरला आणि वरून बैल चालले तर तो चेपतो. आत काहीतरी ठासून भरायला हवं. माती भरली तर ती ओल धरते. कोरडी, सुकवलेली वाळू भरली आणि तोंड नीट बंद केलं तर भांडं चेपतही नाही, ओलीने खाल्लंही जात नाही. सासऱ्यांनी वाळू हंड्यांत भरायला नेली होती. आणि वरून बैल चालणार होते, म्हणजे हंडे शेतात होते.

शेतात कुठे, तेही खळ्यानेच सांगितलं. भाताचं रोप ज्या तुकड्यात करायचं, तिथे आमच्याकडे पावसाआधी शेण, टाहाळ म्हणजे झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या, पातेरा, गवत असे थर रचून जाळतात. त्याला राब म्हणतात. दर वर्षी तोच तुकडा. तिथली जमीन उकरलेली दिसली तरी कुणी का म्हणून विचारत नाही, आणि एकदा राब भाजला की वर नुसती राख. फाल्गुन-चैत्रात गावातली प्रत्येक गाडी टाहाळाने भरून राबाकडे जात असते. सासऱ्यांनी हंडे त्या टाहाळाखाली घालून भर दिवसा गावासमोरून नेले असणार. पाटलांनी रामरामही केला असेल.

दीर फावडं घेऊन निघालेच होते. मी त्यांना दारात अडवलं.

"आत्ता नाही. उद्या उन्हं वर आल्यावर. आणि पाटलांना बोलवून, त्या नदीवरच्या म्हातारीलाही."

"वैनी, आधी बघून तरी घेऊ की! नसले तर गावापुढं पुन्यांदा हसं."

"आणि असले तर? आपण एकट्याने काढले तर म्हणतील विकलेले परत विकत आणून पुरले आणि काढले. मातीला हात लागायच्या आधी ते समोर हवेत."

"पण नसले तर?"

"नसले तर आत्ता तरी आपल्याकडे काय उरलंय, भावजी?"

सासूबाई म्हणाल्या, "ती म्हणते तसं करा."

सकाळी मी बॅटरी तुळशीच्या कट्ट्यावर उन्हात ठेवली. बॅटरीच्या दिव्याचे सेल उन्हात तापवले की थोडा वेळ चालतात, ते मला माहेरी ठाऊक होतं. यंत्राच्या बॅटरीलाही ते लागू आहे की नाही, देवाला माहीत. नणंद तिच्याजवळ बसून कावळे हाकत होती. बॅटरीला कावळे काय करणार होते?

पाटलांना बोलवायला मी स्वतः गेले. ते म्हणाले, "नदीवर यायचं असंल तर मी येत नाय."

"नदीवर नाही. आमच्या राबात. आमची जमीन, आमची माती. तुम्ही नुसतं उभं राहायचं."

म्हातारीलाही आणलं. तिच्यामागे आणखी लोक आले. मी कुणाला नको म्हटलं नाही.

राब रचून तयार होता. दोन दिवसांत भाजायचा होता. आम्ही सगळा टाहाळ उपसून बाजूला केला. दिरांनी झाकणं कानांवर चढवली आणि खळ्याच्या बाजूने सुरुवात केली. डावीकडे, उजवीकडे, पाऊल. डावीकडे, उजवीकडे, पाऊल. तुकडा तो केवढा, पण मला तो कर्जतपर्यंत पसरल्यासारखा वाटला. अर्धा झाला. हात वर झाला नाही. पाटलांनी पागोटं काढून डोकं खाजवलं.

दीर थांबले. चकती मागे घेतली, पुन्हा पुढे नेली. मग झाकणं काढून माझ्याकडे दिली. "वैनी, तुमी ऐका. मला वाजतंय असं वाटतंय, पण मला तर कालपास्नं सगळीकडंच वाजतंय."

मी ती कानांना लावली. अगदी बारीक, लांब कुणीतरी शीळ घालत असल्यासारखं. चकती सरकवली की बंद. परत आणली की शीळ. मग ती शीळही बंद पडली आणि पुन्हा आलीच नाही. बॅटरी संपली होती.

"इथे," मी म्हटलं.

दीर आणि पाटलांचा गडी खणायला लागले. हातभर खाली गेल्यावर पळसाची पानं लागली, काळी पडलेली, थरावर थर. त्यांच्याखाली जुनी घोंगडी. घोंगडीवर शेणामातीचा लेप वाळून दगड झालेला. दिरांनी तो फावड्याच्या दांड्याने हलकेच फोडला आणि हात आत घातला. मूठ बाहेर काढली. मुठीतून वाळू गळली. कोरडी, पिवळी, खळ्यावर पसरलेली असावी तशी.

मी जमिनीवर बसले. पाच वर्षं छातीवर कुणीतरी जातं ठेवलं होतं ते उचलल्यासारखं झालं, आणि पहिल्यांदा काय जाणवलं असेल तर सकाळपासून पोटात काही नाही, भूक लागली आहे.

पहिल्या हंड्याचा काठ वर आला. पाटील उकिडवे बसले, माती पुसून त्यांनी ठिपक्यांवरून बोट फिरवलं. वाचता त्यांना बेताचंच यायचं, पण त्या ठिपक्यांना त्यांचं बोट लहानपणापासून सरावलेलं. एकदा फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"आपलाच हाय," ते म्हणाले. मग गर्दीकडे न बघता, "गाडी आणा रं कुणीतरी. आणि चार गडी आणा. चेपवू नका. म्हातारा एवढा जपून ठेवून गेलाय, तुमी चेपवू नका."

तिन्ही हंडे निघाले. पराती एकीत एक घालून मधे भाताचा पेंढा. झारे आणि ओगराळी घोंगडीच्या तुकड्यात बांधलेली. एका परातीला चीर गेली होती, बाकी सगळं धड. म्हातारी म्हणत होती, "मी वाळूच बघितली व्हती, मी खोटं नाय बोलले." तिला कुणी खोटी म्हटलंच नव्हतं. सासूबाई एका हंड्याच्या आत हात फिरवून बघत होत्या, सासरे बघायचे तसा. मग त्या हंड्याकडेच बघून म्हणाल्या, "एवढं मला सांगितलं असतं तर काय झालं असतं?"

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या ओटीवर गावकीची पाच माणसं बसायची होती. सात बसली. सुपारी फुटली. हंडे आमच्याकडेच राहावेत असं पाटलांनीच काढलं. सासूबाईंनी ते मान्य केलं, पण एका अटीवर. कुठे ठेवले आहेत ते घरातल्या सगळ्या बायकांना ठाऊक असेल, आणि गावकीलाही. सगळ्यांनी मान हलवली. दहाव्याच्या जागेवरच्या वस्तू दिरांनी आधीच परत ठेवल्या होत्या, मोडक्या तांब्यासकट. गोळा तेवढा माझ्याकडे राहिला, कारण तो कुणाच्या मेलेल्याचा नव्हता आणि आमचं दार वाऱ्याने आपटायचं.

लग्न वैशाखात झालं. हंड्यांना नवी कल्हई लावून घेतली. चाचा कर्जतहून आले ते तोच कोट घालून, भर वैशाखात, मुद्दाम दिरांना दाखवायला. जाताना कोट खुंटीवर विसरून गेले. ते विसरणाऱ्यातले नव्हते.

पहिली पंगत बसली. मी वाढत होते. पाटलांनी पहिला घास तोंडात घातला आणि चावता चावता थांबले. मी समोर उभी. हंडे मी तीनदा धुतले होते, कल्हईवाल्याने घासले होते, तरी काठाच्या दुमडीत कुठेतरी राहिलीच होती.

"वाळू हाय गं भातात," पाटील म्हणाले.

आजूबाजूच्या सगळ्या पंगतीचे हात थांबले. वरपक्षाची माणसंही बघायला लागली.

"हाय," मी म्हटलं. "नदीची हाय."

पाटलांनी घास पुरता चावला, गिळला आणि पत्रावळ पुढे सरकवली. "मग वाढ अजून."

त्या दिवशी सगळ्या गावाने कचकचत भात खाल्ला, आणि हंडे घासून परत द्यायला संध्याकाळी ज्या बायका आल्या त्यांत नदीवरची, बाळंतपणाची थट्टा करणारीही होती. मी हंड्याच्या आत हात फिरवला. एका बाजूला ओल होती. मी तिला तो परत उन्हात ठेवायला लावला.